साच्यामागचा हात
बादलीच्या कडेला प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा हाताला लागला, तर साच्याचे दोन भाग नीट मिटत नाहीत असे समजावे. ती फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांचीच असते. भोसरी-चाकणच्या टूलरूममधला टूलमेकर, म्हणजे साचे घडवणारा कारागीर, एका भागाला निळा रंग लावतो, साचा मिटवतो आणि रंग उमटेल तिथलेच पोलाद घासतो. पॉलिप्रॉपिलीन हे प्लॅस्टिक थंड होताना साधारण १ ते २.५ टक्के आकसते, म्हणून साच्याची पोकळी तो तेवढी मोठी ठेवतो. सीएनसी यंत्रे आली, तरी शेवटची जुळणी बहुधा त्याच्याच हातची. दहावीनंतरची वाट शोधणाऱ्यांनी छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये जरूर चौकशी करावी; हे कौशल्य कुठल्याही पदवीपेक्षा तसूभरही कमी नाही.