वर्गमित्रांची सहल आणि खानावळीचे बिल

१९७५ साली महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांतून एकदम दोन वर्ग बाहेर पडले. जुन्या पद्धतीची अकरावी ती शेवटची आणि नव्या आकृतिबंधातील दहावी ती पहिली. परीक्षेचे नाव मात्र एकच, एस. एस. सी. त्यामुळे थोरला आणि धाकटा असे दोघे भाऊ एकाच वर्षी शाळेतून सुटले आणि कॉलेजच्या दारात एकाच रांगेत उभे राहिले, असेही कित्येक घरांत घडले. या दोन्ही वर्गांना २०२५ साली पन्नास वर्षे पूर्ण झाली. तेव्हापासून पासष्टी ओलांडलेल्या मुलामुलींच्या स्नेहमेळाव्यांना जो बहर आला आहे, तो अजून ओसरलेला दिसत नाही.

या मेळाव्यांचा क्रम आता ठरून गेला आहे. प्रथम कोणीतरी उत्साही गृहस्थ व्हॉट्सअॅपवर गट काढतात. पहिला महिना सुप्रभातात जातो. दुसऱ्या महिन्यात वर्गाचा एक पिवळा पडलेला फोटो सापडतो आणि मागच्या रांगेतला डावीकडून तिसरा कोण, यावर रात्री अकरापर्यंत खल होतो. तिसऱ्या महिन्यात सहलीचा विषय निघतो. मग गणपतीपुळे की हंपी, वेरूळ की रायगड, यावर दोन तट पडतात. आणि शेवटी ज्याच्या भाच्याची गाडी भाड्याने मिळते त्याचे ऐकावे लागते.

सहलीची टवाळी करण्याचा आमचा मुळीच विचार नाही. उतारवयात माणसाला नावाने हाक मारणारी माणसे कमी कमी होत जातात. घरात ‘आजोबा’, सोसायटीत ‘काका’, बँकेत ‘सर’. ‘अरे बाळ्या, तुझा डबा मी खाल्ला होता’ असे सांगणारा वर्गमित्रच असावा लागतो. पंधराव्या वर्षी चित दरवाजाने चढून जे दीड हजारांच्या घरातल्या पायऱ्या मोजत रायगडावर पोचले, ते आता १९९६ साली सुरू झालेल्या रज्जुमार्गाच्या पाळण्यात बसून चार-पाच मिनिटांत वर जातात आणि खाली पाहून एकमेकांना विचारतात, ‘आपण खरेच हे चढलो होतो का रे?’ या एका प्रश्नासाठी तिकिटाचे पैसे द्यायला हरकत नाही. शिवाय एस. टी. नेहमीच्या गाडीने जायचे म्हटले, तर पासष्टीपुढच्यांना अर्धे तिकीट आहे आणि मार्च २०२३ पासून बायकांना कोणत्याही वयात अर्धेच आहे. रेल्वेने मात्र ज्येष्ठांची सवलत २०२० साली काढून घेतली, त्याचे दुःख वर्गातले हिशेबी लोक अजून उगाळत असतात.

पण या सहलीत एक गोष्ट हटकून घडते, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. चाळीस जणांच्या गटातले सात-आठ जण येत नाहीत. एकाच्या घरी लग्न असते, एकाचे गुडघे दुखतात, एकीला नातवंडांना सांभाळायचे असते. ही कारणे खरीही असतात. परंतु वर्गणी माणशी आठ हजार ठरली, मुक्कामाचे हॉटेल अमेरिकेहून आलेल्या मित्राच्या सोयीने निवडले, आणि कोणाची वर्गणी जमा झाली व कोणाची बाकी आहे याची यादी रोज संध्याकाळी गटावर झळकू लागली, की गुडघे जरा जास्त दुखतात. ज्याची नोकरी गिरणी बंद पडल्यावर सुटली आणि ज्याला पेन्शन नाही, तो काय लिहिणार? तो ‘सर्वांना शुभेच्छा’ असे लिहून फुलांचे चित्र टाकतो.

आणि जरा आठवून पाहावे. शाळेतल्या सहलीच्या वेळीही असेच नव्हते का? तेव्हा वर्गणी दहा-पंधरा रुपये. त्या दिवशी ज्याला नेमका ताप आला, त्याचा ताप सहल परत आल्यावर लगेच उतरत असे. सहलीच्या फोटोत तो नाही.

समजूतदार खजिनदार यावर फार साधा उपाय करतो. वर्गणी सर्वांत कमी पेलणाऱ्याच्या मापाने ठरवायची, धर्मशाळा किंवा भक्तनिवास चांगले पाहून घ्यायचे, वरचा खर्च ज्यांना शक्य त्यांच्याकडून एकेकट्याला फोन करून उचलायचा आणि यादी नावाची चीज गटावर कधी टाकायचीच नाही. हिशेब मागेल त्याला एकूण आकडे दाखवावेत. असा खजिनदार ज्या वर्गाला लाभला, तो वर्ग पुढचे कामही नीट करील, असे खुशाल समजावे.

पुढचे काम म्हणजे शिष्यवृत्ती. परतीच्या प्रवासात भेंड्या संपल्या की कोणीतरी म्हणतेच, ‘शाळेसाठी काहीतरी करायला हवे.’ मग पिण्याच्या पाण्याचे यंत्र, नावे घातलेली बाके, असे पर्याय निघतात आणि अखेर बक्षिसाच्या ठेवीवर एकमत होते. कोणत्याही जुन्या शाळेच्या व्हरांड्यात त्या ठेवींचा फलक पाहावा. कै. अमुक यांच्या स्मरणार्थ गणितात प्रथम येणाऱ्यास. एखाद्याने साठ-पासष्ट वर्षांपूर्वी पाचशे रुपयांची ठेव ठेवली तेव्हा ती लहान रक्कम नव्हती. चार टक्क्यांनी वर्षाला वीस रुपये होत, आणि वीस रुपयांत त्या वेळी मुलाची वर्षाची पुस्तके यावीत. आज त्या ठेवीच्या व्याजात एक वही येते. देणाऱ्याची भावना खोटी नव्हती. त्याने फक्त ‘कायम’ या शब्दावर जास्त भरवसा ठेवला.

आपल्याकडे गुणवंताचा सत्कार करण्याची परंपरा मोठी आहे. मॅट्रिकला संस्कृतात पहिला येणाऱ्यास मिळणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती हे एका काळी घराण्याचे भूषण होते. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली. ते पुढे १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. असा मान असावाच. पण त्याच काळातली दुसरी गोष्ट घ्या. डॉ. आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले. पुढे वडिलांना कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि बडोद्याहून दरमहा पंचवीस रुपये सुरू झाले. १९१३ साली अमेरिकेला जातानाही मिळाले ते दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. या दोन्ही ठिकाणी आम्हांला मोठा वाटतो तो ‘दरमहा’ हा शब्द. बक्षीस मिळते ते झालेल्या अभ्यासाबद्दल. दरमहा मिळणाऱ्या पैशावर पुढला अभ्यास होतो.

वर्गमित्रांनी उचलण्यासारखे काम हे दुसरे आहे. सरकार काहीच करीत नाही असे म्हणण्याची सोय आता राहिलेली नाही. आठवीत परीक्षा देऊन केंद्राची आर्थिक दुर्बल घटकांसाठीची शिष्यवृत्ती ज्याला मिळते, त्याला नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला बारा हजार मिळतात. २०२४ पासून महाराष्ट्रात आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ झाली आहे. पण फी माफ होते, खानावळ माफ होत नाही. तालुक्याच्या गावाहून पुण्याला किंवा संभाजीनगरला इंजिनियरिंगला आलेली मुलगी शिक्षण सोडून परत जाते ती बहुतेक वेळा कॉटभाड्याने आणि जेवणाच्या बिलाने. पूर्वी मुले वारावर जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्या पद्धतीत लाचारीही पुष्कळ होती, ती पुन्हा यावी असे कोणी म्हणणार नाही. तरीही शिकणाऱ्याला आधी जेवू घातले पाहिजे, एवढे तेव्हाच्या गृहिणीला समजत होते.

आता हिशेब मांडू. चाळीस जणांनी एकदाच पाच-पाच हजार दिले तर दोन लाख होतात. सात टक्क्यांनी व्याज चौदा हजार. खानावळीचे महिना तीन हजार धरले, तर दहा महिन्यांचे तीस हजार होतात. म्हणजे त्या व्याजात एका मुलीचे निम्मे वर्षही धड निघत नाही. उलट त्याच चाळीस जणांनी दर वर्षी दीड-दीड हजार दिले, तर साठ हजारांत दोन मुली वर्षभर जेवतात. फलकावर नाव लागत नाही, हे खरे. आणि वर्ग म्हातारा होत जाईल तशी वर्गणी आटेल, हेही खरे. तेव्हा सरळ दहा वर्षांसाठीच योजना आखावी. दहा वर्षांत दोन-तीन वेळा दोन-दोन मुली पदवीपर्यंत पोचवल्या, तर ठेवीच्या फलकापेक्षा ते जास्त टिकते.

पैसे शाळेच्या संस्थेमार्फत द्यावेत, पावती घ्यावी. एक अडचण मात्र आधीच पाहून ठेवावी. परदेशी राहणाऱ्या मित्राकडे भारताचाच पासपोर्ट असेल, तर त्याची देणगी परकीय ठरत नाही. पण त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल, तर २०१० च्या कायद्याप्रमाणे तो परकीय पैसा होतो, आणि संस्थेने केंद्र सरकारकडे त्यासाठी नोंदणी किंवा परवानगी घेतलेली नसेल तर तिला तो स्वीकारता येत नाही. बाळ्या आपलाच असला तरी त्याचा डॉलर कायद्याला परका आहे. त्याने रागावू नये. इकडे आला की सहलीत सर्वांना आमरस-पुरी घालावी.

मुलगी कोणती निवडावी, यासाठी समिती, अर्ज, मुलाखत असले काही नको. दहावीच्या वर्गशिक्षिकेला आणि शाळेच्या कारकुनाला विचारावे. कोणाची वह्या घेताना ओढाताण होते आणि कोणाला सहलीच्या दिवशी ताप येतो, हे त्यांना पाठ असते. निवड झाली की तिला स्नेहसंमेलनात व्यासपीठावर बोलावून मोठ्या पुठ्ठ्याचा चेक हातात देण्याचा जो प्रकार हल्ली दिसतो, तो कृपा करून करू नये. फोटो वर्गाच्या गटावर दोन दिवस राहतो. मुलीच्या गावात तो वर्षानुवर्षे राहतो. दर महिन्याच्या एक तारखेला खात्यात पैसे जमा व्हावेत, एवढे पुरे. पत्र पाठवायचेच असेल तर एखाद्या वर्गभगिनीने पाठवावे, आणि त्यात गुणांची चौकशी करण्याआधी जेवण कसे आहे ते विचारावे.

राहता राहिली वेळ. बहुतेक वर्ग डिसेंबरात मेळावा भरवतात आणि तिथेच शिष्यवृत्ती जाहीर करतात. तोवर निम्मे वर्ष होऊन गेलेले असते. मुलगी शिकायला बाहेर पडते ती उन्हाळ्यानंतर, निकाल आणि प्रवेश झाल्यावर. अनामत रक्कम, कॉट, गादी, पहिल्या महिन्याचे आगाऊ पैसे, हे सारे एकदम त्याच पंधरा दिवसांत मागितले जाते आणि जावे की न जावे याचा निकालही घरात तेव्हाच लागतो. म्हणून वर्गणी एप्रिलअखेर गोळा झालेली असावी आणि वर्गशिक्षिकेला पहिला फोन मे महिन्यात जावा. सहल डिसेंबरातच ठेवा. रायगड थंडीतच चांगला.