'ब्लेड' म्हणजे काय?

इंग्रजी भाषेंत 'ब्लेड' हा एक लहानसा शब्द आहे. आमच्या विद्यार्थ्यांस त्याचा अर्थ विचारला, तर दाढीचें किंवा पेन्सिलीस टोंक करण्याचें पातळ पोलादी पान त्यांच्या डोळ्यांपुढें येतें, आणि "ब्लेड म्हणजे ब्लेडच!" असें उत्तर मिळतें. हें उत्तर अगदींच चुकीचें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन गृहस्थानें पातें बदलतां येणारा वस्तरा १९०३ सालीं विक्रीस आणला. पुढें ती वस्तु जगभर पसरली, वस्तूबरोबर तिचें नांवही गेलें, आणि आमच्याकडील न्हाव्याच्या पेटींत शिरून तें आतां मराठीच होऊन बसलें आहे.

अडचण येते ती पुढें. पाठ्यपुस्तकांत हाच शब्द गवताच्या संबंधानें आला, कीं मुलगा गोंधळतो व गाइड उघडतो. तेथें त्यास ओळीनें पांच अर्थ सांपडतात: गवताचें पातें, सुरीचें पातें, वल्ह्याचा रुंद भाग, खांद्याचें हाड, आणि जुन्या कथांतील तलवारबाज तरुण. परीक्षेच्या आदल्या रात्रीं तो हे पांचही अर्थ घोकतो व परीक्षा संपतांच विसरतो. यांत त्याच्या बुद्धीचा दोष नाहीं. एकाच झाडाच्या पांच फांद्या तोडून आपण त्याच्या हातीं दिल्या. झाड त्यास कोणीं दाखविलेंच नाहीं.

प्राचीन इंग्रजींत या शब्दाचा मूळ अर्थ 'पान' असा होता. जर्मन भाषेंत त्याचा सख्खा भाऊ 'ब्लाट' हा आजही झाडाच्या पानास व कागदाच्या पानास लावतात. पानासारखें जें जें चपटें व पातळ, त्यास इंग्रजांनीं तेंच नांव दिलें. वल्ह्याचें टोंक त्यांत आलें, पाठीवरील रुंद हाडही आलें. तलवारीच्या पात्यास हा शब्द १४ व्या शतकांत लावूं लागले, आणि मागाहून तलवार गाजविणाऱ्या तरुणासही त्याच नांवानें ओळखूं लागले.

आतां आपल्या मराठीकडे पाहावें. गवताचें पातें, सुरीचें पातें, वल्ह्याचें पातें, पंख्याचें पातें. येथेंही सर्वत्र एकच शब्द आहे, व तो संस्कृत 'पत्र' म्हणजे पान यापासून आला आहे. संस्कृतांत तलवारीच्या पात्यास 'असिपत्र' म्हणत, आणि सुताराच्या 'करपत्रा'चीच मराठींत 'करवत' झाली. 'ब्लेड' व 'पत्र' हे शब्द एका मुळाचे नव्हेत. तरीही परस्परांपासून दूर राहणाऱ्या दोन लोकांनीं पानाकडे पाहूनच लोखंडाचें नांव ठेविलें. ज्या मुलास 'पातें' हा शब्द चांगला अवगत आहे, त्यास गाइडांतील पांच अर्थांपैकीं तीन घोकावे लागतच नाहींत; ते त्याच्या घरांत पूर्वींपासून आहेत.

पवित्र शास्त्राचें जें इंग्रजी भाषांतर जेम्स राजाच्या काळीं, १६११ सालीं, प्रसिद्ध झालें, त्यांतही हा शब्द निरनिराळ्या अर्थांनीं येतो. शास्ते ३:२२ येथें तो एहूदाच्या शस्त्राचें पातें दाखवितो. ईयोब ३१:२२ येथें तोच खांद्याच्या हाडाच्या नांवांत आहे. आणि मार्क ४:२८ येथें, पेरणारा झोंपीं गेला असतांही बीं आपोआप वाढतें त्या दाखल्यांत, भूमींतून जें प्रथम वर येतें त्यास 'ब्लेड' असेंच म्हटलें आहे. मराठी शास्त्रांत तेथें 'अंकुर' हा शब्द आहे. राजाचा प्राण घेणारें लोखंड आणि भाकरीची पहिली हिरवी खूण या दोहोंस इंग्रजींत एकच नांव आहे, हें एकदां समजलें म्हणजे तें वचन वाचतांना विद्यार्थी अडखळत नाहीं.

तथापि सावधगिरीही पाहिजे. डोळ्याच्या पापणीसही मराठींत पातें म्हणतात. 'पातें लवतें न लवतें तोंच' असें आपण बोलतों. तेथें 'ब्लेड' घातल्यास इंग्रज हंसेल. उलट, खांद्याच्या त्या हाडास आपण 'खवाटा' म्हणतों. शेतकीच्या इंग्रजी पुस्तकांत कुळवास 'ब्लेड हॅरो' असें नांव आहे. परंतु त्याच्या लोखंडास आमचा शेतकरी 'पास' म्हणतो. आणि दुधनी तर सीमेवरील गांव. येथील अनेक घरांत कानडी बोलतात. कानडींत पानास 'एले' व शस्त्राच्या पात्यास 'अलगु' असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. त्या घरच्या मुलास 'ब्लेड' समजावून देण्याची वाट निराळी आहे, आणि तीही त्याच्या आईच्या भाषेंतूनच जाते.

हें सर्व आम्ही विशेषेंकरून पालकांच्या कानांवर घालूं इच्छितों. मुलांस इंग्रजी उत्तम यावी ही त्यांची इच्छा योग्यच आहे. उच्च शिक्षणाचीं व नोकरीचीं अनेक दारें तिच्यामुळें उघडतात. परंतु ती येण्यासाठीं घरची भाषा गेली पाहिजे, ही समजूत घातक आहे. कांहीं घरांत मुलाच्या तोंडचा आपला शब्द रागें भरून बंद करतात. कोठें कोठें शाळेंतही मातृभाषा बोलल्याबद्दल दंड होतो. याचा परिणाम असा होतो, कीं विळा, कोयता व खुरपें यांतील भेद त्या मुलास सांगतां येत नाहीं, आणि त्यांचीं इंग्रजी नांवेंही त्यास येत नाहींत. एक भाषा हातची गेली व दुसरी हातीं लागली नाहीं, अशी त्याची स्थिति होते.

याच्या उलट उदाहरण पाहावयाचें तर बाबा पद्मनजींचें पाहावें. ते १८३१ सालीं बेळगांवीं, म्हणजे आमच्यासारख्याच सीमाभागीं, जन्मले. मिशनच्या शाळेंत ते इंग्रजी शिकले. पुढें त्यांनीं १८५७ सालीं 'यमुनापर्यटन' ही कादंबरी मराठींत लिहिली, व १८६३ सालीं मोल्सवर्थसाहेबांच्या मराठी-इंग्रजी कोशाचा संक्षेप सिद्ध केला. इंग्रजीनें त्यांची मराठी दरिद्री केली नाहीं. देशाच्या २०२० सालच्या शैक्षणिक धोरणांतही, शक्य तेथें निदान पांचवीपर्यंत घरच्या भाषेंतून शिकवावें, असेंच म्हटलें आहे. कानडीस २००८ सालीं व मराठीस २०२४ सालीं अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पण घरांतील मूल त्या भाषेंतील शब्द विसरत असेल, तर त्या मानाचा त्यास काय उपयोग?

म्हणून विद्यार्थ्यांस आमची सूचना अशी, कीं त्यांनीं एक वही करावी. नवीन इंग्रजी शब्द आला, कीं त्या वस्तूस घरीं काय म्हणतात तें प्रथम आईस किंवा आजीस विचारून लिहावें. मग सुतार, लोहार, शेतकरी यांस विचारून तिच्या भागांचीं नांवें लिहावीं. कोश शेवटीं उघडावा. पालकांनीं मुलाच्या या प्रश्नांस कंटाळूं नये. वर्षाअखेर ज्यांच्या वह्या भरतील त्यांनीं त्या आम्हांस अवश्य दाखवाव्या. त्यांतील पुष्कळ शब्द आम्हांसही नवे असतील, आणि ते शिकण्यास आम्हांस आनंद होईल.