माहितीपत्रकातील चेहरा आणि भाड्याची खोली

चेन्नईहून बंगळुरूकडे जाणाऱ्या महामार्गावर श्रीपेरुंबुदूर लागते. रामानुजाचार्यांचे हे जन्मस्थान आता मोटारींच्या आणि मोबाइलच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. त्याच पट्ट्यात खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयेही दाटीने उभी आहेत. तेथल्या एका मुक्कामात एका शिक्षणसंस्थेचे माहितीपत्रक माझ्या हाती आले. मुखपृष्ठावर पांढरा कोट घातलेला आफ्रिकी युवक प्रसन्न हसत होता. आत डॉलरमधील शुल्क होते, विमानतळावरून आणण्याची हमी होती. पहिले वर्ष संपल्यावर हा युवक राहणार कोठे, याविषयी मात्र एक ओळही नव्हती.

जाहिरात करणे हा गुन्हा नव्हे. केंद्र सरकारनेच 2018 मध्ये ‘स्टडी इन इंडिया’ उपक्रम सुरू करून 2023 पर्यंत दोन लाख परदेशी विद्यार्थ्यांचे लक्ष्य ठेवले होते. 2021-22 च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात ही संख्या भरली 46,878. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये अशा विद्यार्थ्यांसाठी 25 टक्क्यांपर्यंत अतिरिक्त जागांची मुभा दिली. राष्ट्रीय मानांकनातही परराज्यांतील व परदेशांतील विद्यार्थ्यांच्या प्रमाणाला गुण आहेत. म्हणजे मुखपृष्ठावरील चेहरा शुल्कही आणतो आणि गुणही.

त्या चेहऱ्याला शहरात खोली मिळणे मात्र कठीण. परकीय नागरिकाला जागा दिली की घरमालकाने 24 तासांत तशी नोंद करायची असते. काम काही मिनिटांचे. पण नकाराला निमित्त म्हणून पुरते. प्रशासनात आयुष्य काढलेल्या माणसाला अशी निमित्ते लांबूनच ओळखू येतात. गोऱ्या भाडेकरूसाठी तीच नोंद सहसा कोणाला जड जात नाही.

2016 च्या जानेवारीअखेर बंगळुरूत, एका अपघाताशी काडीचाही संबंध नसलेल्या टांझानियाच्या विद्यार्थिनीला जमावाने मारहाण केली. मार्च 2017 मध्ये ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांवर हल्ले झाले. आफ्रिकी राजदूतांनी त्यांना उघडपणे वंशद्वेषी म्हटले, तेव्हा आपण त्या शब्दावर आक्षेप घेत बसलो.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे 1917 चे बडोदे आठवल्यावाचून राहत नाही. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांना तेथे नाव लपवून पारशी सराईत राहावे लागले आणि तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. शिष्यवृत्ती देणारे संस्थान तेच, नोकरी देणारेही तेच. खोलीची व्यवस्था मात्र कोणीच केली नव्हती.

आयआयटी मद्रासने 2023 मध्ये झांझिबारला शाखा उघडली, हे उत्तमच झाले. परंतु ज्याला येथेच यायचे आहे त्याच्यासाठी संस्थांनी संपूर्ण अभ्यासक्रमभर वसतिगृहाची लेखी हमी द्यावी, तक्रार कोणाकडे करायची त्या अधिकाऱ्याचे नाव द्यावे, आणि त्याच्या देशातून आलेल्यांपैकी किती जण पदवी घेऊन परतले तो आकडाही छापावा. त्यासाठी मलपृष्ठाची आतली बाजू पुरेल. माझ्या हातातील पत्रकात ती कोरीच होती.