स्क्रू नसलेली वस्तू

महाशिवरात्रीला मार्कंड्याला वैनगंगेच्या काठी यात्रा भरते. यात्रांच्या बाजारात अलीकडे प्रसाद आणि बांगड्यांच्या शेजारी आणखी एक वस्तू दिसू लागली आहे : मेमरी कार्डावरील गाणी वाजविणारे, हातात मावणारे छोटे यंत्र. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत अनेक गावांतून मोबाइलची रेंज भरवशाची नसते. तेथे मासिक शुल्क घेऊन इंटरनेटवरून गाणी ऐकविणाऱ्या कंपन्यांचा उपयोग थोडाच. ३२ जीबीच्या कार्डात मात्र सुमारे पाचशे तासांची गाणी राहतात : भजने, गोंडी रेला गीते, झाडीपट्टीच्या नाटकांतील गाणी. ही वस्तू चैनीची म्हणून हसण्यावारी नेण्याचे कारण नाही. तेंदूपत्त्याच्या मजुरीतून ती घेतली जाते. म्हणूनच ती किती दिवस टिकते, हा अर्थशास्त्राचा प्रश्न ठरतो.

लिथियम-आयन बॅटरी तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची क्षमता उतरू लागते. रोज वापरणाऱ्याच्या हिशेबाने ही मुदत वर्ष-दीड वर्षाची होते. हा रसायनाचा धर्म आहे, त्याबद्दल तक्रार करता येत नाही. तक्रार आहे ती बॅटरी आत चिकटवून, वरचे आवरण स्क्रूऐवजी गोंदाने कायमचे बंद करण्याबद्दल. समजा, असे बंद यंत्र सहाशे रुपयांना मिळाले आणि दीड वर्ष चालले, तर वर्षाचा खर्च चारशे रुपये झाला. बाराशे रुपयांचे उघडता येणारे यंत्र, दीडशे रुपयांच्या तीन बॅटऱ्या बदलून, सहा वर्षे चालले, तर वर्षाला पावणेतीनशेच रुपये पडले. स्वस्त वस्तू गरिबाला महाग पडते ती अशी.

म्हणून विकत घेताना आवाजाच्या आधी यंत्राची पाठ पाहावी. तेथे साधे स्क्रू आहेत काय? बॅटरी हाताने निघते काय, आणि ती बीएल-५सी किंवा १८६५० अशा सर्वत्र मिळणाऱ्या मापाची आहे काय? गाणी सुट्या कार्डावर आहेत की आतच कोंडलेली? सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, चामोर्शीच्या बाजारातील रेडिओ-मोबाइल दुरुस्त करणारा कारागीर ते उघडण्यास तयार आहे काय? त्याचे मत जाहिरातीपेक्षा अधिक मोलाचे मानावे.

परंतु एवढे सांगून थांबणे म्हणजे सारा भार ग्राहकावर टाकणे होय. जॉर्ज अकरलॉफ ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले, की मालाचा खरा दर्जा फक्त विकणाऱ्यास ठाऊक असला म्हणजे हलका माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. बंद आवरणाच्या यंत्राबाबत नेमके हेच घडते. आणि उत्पादक नेहमीच अजाण असतात असेही नाही. १९२४ साली जिनिव्हात बल्ब बनविणाऱ्या बड्या कंपन्यांनी संगनमत करून बल्बचे आयुष्य हजार तासांवर आणले होते.

बंद आवरणामुळे पाणी शिरत नाही आणि किंमत उतरते, असे समर्थन केले जाते. ते सर्वस्वी खोटे नाही. पण स्क्रूखाली रबरी कडी बसवूनही पाणी अडविता येते. उतरलेल्या किमतीचा उरलेला भाग तर दुसराच कोणीतरी भरतो : फुगलेली बॅटरी जेथे फेकली जाते ती नदीकाठची जमीन, आणि ज्यांच्या पोटातून खनिजे उपसली जातात ते प्रदेश. चंद्रपूरचा कोळसा आणि सुरजागडचे लोहखनिज पाहणाऱ्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगांचे काम उभे करणाऱ्या जे. सी. कुमारप्पांनी निसर्गाचा संपणारा साठा आणि न संपणारा ओघ ह्यांत भेद केला होता. संपणाऱ्या साठ्यातून दीड वर्षाची वस्तू घडविणे हा त्या दृष्टीने निव्वळ अपव्यय होय.

केंद्र सरकारने २०२२ च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि डिसेंबरात त्यासाठी पोर्टल सुरू केले. फ्रान्सने मात्र २०२१ पासून स्मार्टफोन, लॅपटॉप यांसारख्या काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापण्याची सक्ती केली. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमांनुसार, काही अपवाद वगळता, छोट्या उपकरणांची बॅटरी २०२७ पासून वापरणाऱ्यास स्वतः काढता आली पाहिजे. पोर्टलवर माहिती मिळणे वेगळे आणि सुटा भाग मिळण्याचा हक्क असणे वेगळे. बॅटरीचे माप आणि सुटे भाग किती वर्षे मिळतील ती मुदत खोक्यावर मराठीत छापण्याची सक्ती व्हावी, ही आपली किमान मागणी असली पाहिजे. ज्याने आपल्या घामाच्या पैशाने वस्तू घेतली, त्याला ती उघडण्याचा अधिकार नसेल, तर त्याने ती विकत घेतली असे म्हणता येणार नाही. ती त्याला भाड्याने मिळाली आहे, एवढेच.