लाईट बिल शेवटच्या स्लाइडवर

शाहूवाडी तालुक्याचा पाऊस पुस्तकात वाचायची गरज नाही. आंबा घाटाच्या बाजूला जुलैत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. पण त्याच डोंगरातल्या वाड्यांवर एप्रिल लागला की बायका झऱ्यापाशी घागरी रांगेला लावतात. जांभ्याचा सडा पाणी धरत नाही; सगळं खाली कडवी-कासारी नद्यांना निघून जातं. त्यामुळे नळपाणी योजनेच्या ग्रामसभेला इथं माणसं खरोखर येतात. आणि नेमक्या याच सभेत योजनेचे साहेब लॅपटॉप उघडतात.

पुढचं ठरलेलं. पहिल्या स्लाइडवर योजनेचं नाव, मग उद्दिष्टं, मग शासन निर्णयाचा क्रमांक. मग उद्भव विहीर, जॅकवेल, पंपघर, पाइपचा व्यास, टाकीची क्षमता. देवळाच्या मंडपात उजेड इतका, की पडद्यावरचं पुढच्या रांगेलाही दिसत नाही. अगदी शेवटी ‘देखभाल व दुरुस्ती’ अशी एक ओळ. तोवर खांबाला टेकलेला म्हातारा तंबाखू मळून दोनदा बाहेर जाऊन आलेला असतो. तो एकच विचारतो, ‘‘सायेब, लाईट बिल कोन भरनार?’’

त्या सभेतला सगळ्यात तयारीचा माणूस तोच, असं माझं मत आहे.

प्रकल्प सांभाळणाऱ्यांची अडचण बोलण्याची नसते. मंजुरीसाठी वरिष्ठांना दाखवलेलंच ते गावाला दाखवतात. वरिष्ठांना अंदाजपत्रक नियमात बसतं का, हे बघायचं असतं. गावाला ठरवायचं असतं की ही योजना आपल्याला पेलेल का. जलजीवन मिशन 2019 मध्ये आलं, त्यात माणशी रोज 55 लिटरचं माप आहे. ‘55 एलपीसीडी’ म्हटल्यावर मंडपात कुणाची मान हलत नाही. पण पाच माणसांच्या घराला 275 लिटर, म्हणजे 15 लिटरच्या अठरा घागरी, असं सांगा. बायका लगेच हिशेबाला बसतात. म्हशीचं पाणी यातच का, हा प्रश्न मिनिटभरात येतो. तो यायलाच हवा.

आता म्हाताऱ्याचं बिल. समजा 800 वस्तीचं गाव आहे. रोज 44 हजार लिटर पाणी 60 मीटर वर चढवायचं, तर पंपाची घट धरून साधारण 14-15 युनिट जातात. महिन्याला सव्वाचारशेच्या घरात. गावात 160 उंबरे, त्यातले किती पाणीपट्टी भरतात हे ग्रामसेवकाला तोंडपाठ असतं. एवढं गणित फळ्यावर खडूनं मांडायला पाच मिनिटं पुरतात. आणि वरच्या अंगाला बारमाही झरा असेल, तर उताराने येणाऱ्या पाण्याला पंपच नको, हे कुणीतरी आपणहून बोलतं.

महत्त्वाचं खाली दडवण्याची खोड फक्त आपल्याकडची नाही. कल्पना चावला ज्यात गेली ते कोलंबिया यान 1 फेब्रुवारी 2003 रोजी कोसळलं. त्याआधी, यान अवकाशात असतानाच, पंखावर आदळलेल्या फोमबद्दल अभियंत्यांनी नासाला स्लाइड दाखवल्या होत्या. चाचणीतल्या तुकड्यापेक्षा आदळलेला तुकडा सहाशेहून अधिक पट मोठा होता. हा आकडा एका स्लाइडच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत होता. मथळा मात्र धीर देणारा. चौकशी मंडळाने अहवालात या स्लाइडचा मुद्दाम उल्लेख केला.

पडदा-प्रोजेक्टरपेक्षा माझा भरवसा रांगोळीवर आहे. गावनियोजनाच्या शिबिरांत देवळापुढे रांगोळीनं गावाचा नकाशा काढतात, तो प्रकार जुनाच आहे. त्यात एखादी आजी वाकून टाकीची खूण बोटानं पुसते आणि म्हणते, ‘‘धनगरवाडा हिच्या वर हाय. पानी चढंल कसं?’’ लॅपटॉपवरची टाकी अशी कुणी पुसू शकत नाही.

आकडे गावापुढे मांडून निर्णय घेणं हिवरे बाजारला पोपटराव पवारांनी वर्षानुवर्षं करून दाखवलं. पाऊस किती पडला, जमिनीत पाणी किती, याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा आणि त्यावरून पीक ठरवायचं. तिथं आकडा कळणं आणि निर्णय घेणं एकाच बैठकीत होतं. गाव छोटं, नेतृत्व एकहाती, हे खरंच. सगळीकडे जमेलच असं नाही.

जलजीवनमध्ये डोंगरी गावांना गावांतर्गत कामांच्या खर्चात 5 टक्के लोकवाटा आहे, इतर बहुतेकांना 10. पैसे घालणाऱ्याला बिल आधी दाखवायला काय हरकत आहे? पुढच्या ग्रामसभेला जाताना साहेबांनी शेजारच्या गावातल्या चालू योजनेचं मागच्या महिन्याचं बिल बरोबर न्यावं. चार-पाच झेरॉक्स काढून लोकांच्या हातात द्याव्यात आणि खाली बसावं. आवाज चढतील, कुणीतरी जुनी थकबाकी उकरून काढेल, सरपंचांना मध्ये पडावं लागेल. पाणीपट्टी किती, हे मात्र टाकीचा पाया खणायच्या आधी ठरेल.