वाचन प्रेरणा दिनी वर्गात आवाज होऊ द्या




१५ ऑक्टोबरला, डॉ. अब्दुल कलाम यांच्या जयंतीला, शाळाशाळांतून वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. बहुतेक ठिकाणी त्याचं रूप ठरलेलं असतं. मुलं रांगेत बसतात, अर्धा तास गुपचूप वाचतात, फोटो निघतो. मूकवाचनाला माझा विरोध नाही. पण ज्या मुलाच्या कानावर चांगलं वाचन कधी पडलेलंच नाही, ते नुसती पानं उलटत राहतं.

आपल्याकडे पुस्तक आधी कानांवाटेच घरात आलं. श्रावणात देवळात ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ लागायचा. एकजण ओवी वाचणार, दुसरा अर्थ सांगणार. अक्षरओळख नसलेल्या बायांनाही त्यातल्या कितीतरी ओव्या तोंडपाठ असत. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात आजही हेच अनुभवाला येतं. विश्वंतर जातकाच्या चित्रांपुढून पर्यटक भराभर पुढे सरकत असतात. एखादा जाणता गाईड, राजपुत्राने पोटची मुलं दान केली तो प्रसंग आवाज खाली आणून सांगू लागला, की सगळे थबकतात. मघाशी नजरेतून निसटलेले चेहरे त्यांना भिंतीवर दिसू लागतात.

कवी ना. धों. महानोर याच परिसरातल्या पळसखेड्याचे. अजिंठ्याची चित्रं उतरवणारा इंग्रज चित्रकार रॉबर्ट गिल आणि त्याची प्रेयसी पारो यांच्यावरचं ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य त्यांचंच. त्यांना प्रत्यक्ष ऐकलेली माणसं त्यांची कविता म्हणताना आजही नकळत त्यांच्याच लयीवर येतात. लक्ष्मण देशपांडे छत्रपती संभाजीनगरच्याच विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवत. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात ५२ पात्रं ते एकटे उभी करत. २००९ साली ते गेले, तरी लग्नघरात अजून कुणीतरी त्यातलं वाक्य त्यांच्याच हेलात टाकतं आणि सगळा मांडव हसतो. एवढा ठसा छापील पान एकट्याने उमटवू शकत नाही, असं माझं ठाम मत आहे.

वर्गात मोठ्याने वाचायला शिक्षकांना वेळ नाही, प्रत्येकाचा आवाज चांगला नसतो, असं कुणी म्हणेल. आवाजापेक्षा तयारी महत्त्वाची. श्वास कुठे घ्यायचा, कुठे थांबायचं, हे दोन-चारदा मोठ्याने वाचलं की कळतं.

म्हणून शिक्षण विभागाला विनंती, की यंदा या दिवशी प्रत्येक वर्गात शिक्षकांनी किमान वीस मिनिटं एखादी कथा किंवा कविता मोठ्याने वाचावी. उतारा आठवडाभर आधी निवडावा. महानोरांच्या काव्यवाचनाची ध्वनिमुद्रणं सोयगाव-सिल्लोडच्या शाळांपर्यंत पोहोचवावीत. आणि ऐकून झाल्यावर मुलांना लगेच सारांश लिहायला बसवू नये.

– एक वाचक, अजिंठा (ता. सिल्लोड, जि. छत्रपती संभाजीनगर)