परतीच्या पाकिटाचे तिकीट सरकारचे, परतीच्या गाडीचे तिकीट कोणाचे?

4 जून 2024 ची मतमोजणी आठवा. मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघात फक्त ईव्हीएमची मते धरली तर अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मते त्यात मिळवली आणि रवींद्र वायकर 48 मतांनी निवडून आले. बाद ठरलेली टपाली मते होती 111. वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि डिसेंबर 2024 मध्ये याचिका फेटाळली गेली. निकाल कायम राहिला, पण पाकिटातून येणारे मत किती वजनदार असते हे सगळ्या महाराष्ट्राला कळले.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, मनमाडपासून तासाभराच्या वाटेवर, मालेगाव मध्य विधानसभेत मुफ्ती मोहम्मद इस्माईल अवघ्या 162 मतांनी जिंकले. कोण जिंकले, कोण हरले हा आजचा विषय नाही. 162 हा आकडा किती लहान आहे ते बघा. एखाद्या मोठ्या मोहल्ल्यातून कामधंद्यासाठी मुंबई, भिवंडी, सुरत नाहीतर सौदी-दुबईला गेलेली मुले मोजली, तरी याहून जास्त भरतील.

म्हणून टपाली मताचा प्रश्न आपल्या घराचा आहे. मत घरापर्यंत आणायचे भाडे कोणी भरायचे?

पाकीट कोणाला मिळते?

पोस्टाने मत देण्याचा हक्क आपल्याकडे सरसकट नाही. कायद्याने एक यादी ठरवली आहे. त्यात सगळ्यात जुना आणि मोठा गट सैन्य आणि निमलष्करी दलातल्या जवानांचा. 2016 पासून त्यांची मतपत्रिका पोस्टाने न जाता इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जाते. जवान ती छापून घेतो, खूण करतो, पाकिटात घालतो आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या पत्त्यावर पोस्टात टाकतो. या परतीच्या पाकिटावर त्याला तिकीट लावावे लागत नाही. ते पैसे सरकार भरते.

यामागचे तत्त्व सरळ आहे. माणूस देशाच्या कामासाठी घरापासून लांब आहे, तर त्याच्या मताच्या प्रवासाचा खर्च त्याच्या खिशातून जाऊ नये. कोणीही याला हरकत घेणार नाही, घेऊही नये.

पण नुसता खर्च भरून भागत नाही, वेळही गाठावी लागते. मतमोजणीच्या दिवशी सकाळी 8 वाजता मोजणी सुरू होण्याआधी पाकीट पोहोचले तरच ते मोजले जाते. पोस्टाचा शिक्का आधीच्या तारखेचा असला तरी उशिरा आलेले पाकीट बाजूला पडते. 2014 मध्ये मतपत्रिका जाताना आणि येताना, दोन्ही वेळा पोस्टानेच फिरायची. तेव्हा सेवेतल्या मतदारांची जेमतेम 4 टक्के मते परत आली. 2019 मध्ये जाण्याचा प्रवास इलेक्ट्रॉनिक झाला होता. 18 लाखांहून जास्त मतपत्रिका गेल्या आणि सुमारे 10 लाख 84 हजार परत आल्या, म्हणजे 60 टक्के. सरकारने मनावर घेतले की लांबचे मत जवळ येते, हा त्याचा पुरावा.

याच यादीत प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत ठेवलेले लोकही आहेत. त्यांना टपालाने मत देता येते. पण ज्याच्यावर खटला चालू आहे, गुन्हा अजून शाबीत झालेला नाही आणि जामीन मिळत नाही म्हणून जो तुरुंगात आहे, त्याला मत नाही. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 62(5) तसे सांगते आणि सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये ते कायम ठेवले.

मनमाडच्या रेल्वेवाल्यांचे काय?

मनमाड हे रेल्वेचे गाव. मुंबई, भुसावळ, दौंड आणि छत्रपती संभाजीनगर अशा चारी बाजूंना गाड्या जातात. मतदानाच्या दिवशी गाडी थांबत नाही. चालक, गार्ड, स्टेशनवरचे, सिग्नलवाले, कोणीतरी ड्युटीवर असतेच. मग त्यांच्या मताचे काय?

2019 मध्ये नियम बदलले आणि अत्यावश्यक सेवेतले कर्मचारी टपाली मतदारांच्या यादीत आले. कोणत्या सेवा त्यात धरायच्या हे आयोग निवडणुकीगणिक जाहीर करतो. 2024 मध्ये रेल्वे, वीज, टपाल, आरोग्य अशा सेवा त्यात होत्या. पण नावात टपाल असले तरी यांचे मत पोस्टाने जात नाही. मतदानाच्या आधी ठरवून दिलेल्या तीन दिवसांत खास केंद्रावर जाऊन ते द्यावे लागते. निवडणुकीच्या कामावरचे शिक्षक आणि पोलीस यांचेही 2023 च्या दुरुस्तीपासून तसेच झाले. त्यांनी सुविधा केंद्रावरच मत द्यायचे, पाकीट घरी न्यायचे नाही.

खरी गोम मुदतीत आहे. अत्यावश्यक सेवेतल्या मतदाराने अर्ज 12-ड निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत द्यायचा असतो आणि त्यावर खात्याच्या नोडल अधिकाऱ्याची सही लागते. त्या पाच दिवसांत अजून उमेदवारही ठरलेले नसतात आणि गल्लीत एक पोस्टर लागलेले नसते. मतदानाची आठवण येते तोवर मुदत संपून गेलेली असते. तिकीट फुकट आहे, पण खिडकी पाचच दिवस उघडी.

हाच अर्ज 85 वर्षांवरील वृद्धांसाठी आणि 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांसाठीही आहे. आधी वयाची अट 80 होती, मार्च 2024 मध्ये ती 85 केली. अर्ज मंजूर झाला की मतदान अधिकाऱ्यांचे पथक घरी येते आणि घरीच गुप्त मतदान करून घेते. घरात दादी 87 वर्षांची असेल, जिना उतरता येत नसेल, तर तिला खुर्चीत बसवून केंद्रावर न्यायची गरज नाही. मात्र एकदा हा पर्याय घेतला की नंतर केंद्रावर जाऊन मत देता येत नाही.

यादीत नसलेला माणूस

आता त्या मुलाचा विचार करा जो भिवंडीत लूमवर आहे, पुण्यात बांधकामावर आहे किंवा ट्रक घेऊन दक्षिणेत गेला आहे. त्याचे नाव मनमाडच्या यादीत आहे. तो सैन्यात नाही, सरकारी नोकरीत नाही. त्याला पाकीट नाही. मत द्यायचे तर गाडीचे तिकीट काढायचे, एक-दोन दिवसांची मजुरी सोडायची, मत द्यायचे आणि परत जायचे. त्याच्या मताचा टपालखर्च तो असा भरतो. पाकिटाच्या तिकिटापेक्षा तो कितीतरी पट मोठा आहे.

निवडणूक आयोगाला हे ठाऊक आहे. 2019 च्या लोकसभेला 30 कोटींहून जास्त मतदारांनी मत दिले नाही आणि त्याचे एक मोठे कारण स्थलांतर आहे, असे आयोगाने स्वतः मांडले. डिसेंबर 2022 मध्ये आयोगाने दूरस्थ मतदान यंत्राची कल्पना आणली. एका यंत्रावर 72 मतदारसंघांचे मतदान घेण्याची सोय त्यात होती. विरोधी पक्षांनी शंका घेतल्या. परराज्यातल्या केंद्रावर पोलिंग एजंट कोण बसवणार, स्थलांतरित नेमका कोणाला म्हणायचे? या शंका रास्तच होत्या. पण उत्तरे शोधण्याऐवजी विषय बाजूला पडला आणि मजूर होता तिथेच राहिला.

सौदी-दुबईचे मत

परदेशातल्या भारतीय नागरिकांना 2011 पासून मतदार यादीत नाव घालता येते. त्यासाठी अर्ज 6-अ आहे. पण मत द्यायला मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः गावी यावे लागते. 2024 च्या लोकसभेला असे सुमारे 1 लाख 19 हजार मतदार नोंदलेले होते. त्यांपैकी मत दिले फक्त 2,958 जणांनी, त्यातले 2,670 एकट्या केरळचे. केरळची माणसे निवडणुकीच्या वेळी विमानाने येतात, तिथे त्याची रीतच पडली आहे. आपल्याकडे बहुतेकांना 6-अ हा अर्ज असतो हेच माहीत नाही.

दुसऱ्या माणसाकडून मत देण्याची तरतूद असलेले विधेयक ऑगस्ट 2018 मध्ये लोकसभेत मंजूर झाले. राज्यसभेत ते पुढे सरकले नाही आणि 2019 मध्ये बाद झाले. 2020 च्या अखेरीस आयोगाने जवानांसारखीच इलेक्ट्रॉनिक टपाली सोय परदेशस्थांना देण्याचा प्रस्ताव केला. त्या वेळच्या बातम्यांत पहिल्या प्रयोगासाठी अमेरिका, कॅनडा, जर्मनी अशा देशांची नावे होती, आखाती देशांची नव्हती. म्हणजे जिथे आपला मजूर सगळ्यात जास्त, तेच देश मागे. लेबर कॅम्पमध्ये मालकाचा दबाव येईल, मत गुप्त राहणार नाही, ही भीती खोटी नाही. पण त्यावर दूतावासात जाऊन मत देण्याचा मार्ग काढता येतो. भीती खरी आहे म्हणून हक्कच नको, हा न्याय होत नाही.

बाहेर काय चालते?

तिकिटाचा हा वाद इतर देशांतही झाला आहे. ब्रिटनमध्ये टपाली मताच्या परतीच्या पाकिटाला देशात तिकीट लागत नाही. अमेरिकेत राज्याराज्याचा कायदा वेगळा. कॅलिफोर्नियाने 2018 मध्ये कायदा करून हा खर्च सरकारवर घेतला, तर अनेक राज्यांत मतदारच तिकीट लावतो. जॉर्जियातल्या संघटना कोर्टात गेल्या. मत देण्यासाठी तिकीट विकत घ्यायला लावणे म्हणजे मतावर कर लावणे, असे त्यांचे म्हणणे होते. 2021 मध्ये अपील कोर्टाने ते मान्य केले नाही. केंद्रावर जाऊन फुकट मत देता येते, मग तिकीट हा कर कसा, असे कोर्ट म्हणाले. कायद्याने ते बरोबर असेल. पण ज्याचे केंद्र हजार किलोमीटर लांब आहे, त्याला ‘फुकट’ या शब्दाचा अर्थ विचारून बघा.

तोपर्यंत आपण काय करायचे?

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. आज हातात आहे ते तरी वापरू.

बाहेरगावी कायमचा राहणारा मुलगा असेल तर अर्ज 8 भरून त्याचे नाव तिथे हलवा. दोन दगडांवर पाय ठेवला की नाव दोन्हीकडून जाण्याचा धोका असतो. बिहारमध्ये 2025 च्या पडताळणीत मसुदा यादीतून सुमारे 65 लाख नावे गळाली. मृत आणि दुबार नावांबरोबर ‘स्थलांतरित’ हेही कारण त्यात होते.

परदेशात असणाऱ्याने 6-अ भरावा. यायला जमो न जमो, नोंद कायद्याने पक्की राहते आणि आपला आकडा दिसतो. आकडा दिसला तरच मागणीला वजन येते.

मजुरी करणाऱ्याने कलम 135-ब लक्षात ठेवावे. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी हा हक्क आहे, रोजंदारीवाल्यालाही आहे. मालकाला दंड फक्त 500 रुपयांपर्यंत आहे, त्यामुळे धाक कमी, पण हक्क हक्कच.

आणि रेल्वेतल्या, दवाखान्यातल्या भावाबहिणींनी, घरातल्या बुजुर्गांसाठी आपण सगळ्यांनी, अधिसूचनेची तारीख घरात लिहून ठेवावी. मशिदीच्या फळ्यावर आणि मोहल्ल्याच्या ग्रुपवर ‘12-ड चे पाच दिवस’ एवढे एक वाक्य टाकले तरी बरेच काम होईल.

उमेदवार मत मागायला दारात येतील तेव्हा रस्ता आणि पाण्यासोबत हेही विचारा: जवानाच्या पाकिटाचे तिकीट सरकार भरते, ते योग्यच आहे. मग लूमवरच्या, ट्रकवरच्या, सौदीतल्या आमच्या मुलाचे पाकीट कधी छापणार?